मागे राहणाऱ्याचा हिशेब

लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असं ठसठशीत छापलेलं असतं. ज्या घरच्या गोठ्यात दुभती म्हैस बांधलेली आहे, त्या घराला मात्र हे आमंत्रण पुरतं घेता येत नाही. कुणीतरी मागे राहतंच. पूर्वी ती आजी असायची, नाहीतर धाकटी सून, नाहीतर शाळा सुटलेला एखादा पुतण्या. तिकडे हळद लागायची, अक्षता पडायच्या, पंगती उठायच्या आणि मागे राहिलेल्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी पिशवीतून चार लाडू यायचे. त्याच्या दोन दिवसांचा मोबदला कुणी विचारला नाही. त्यानंही मागितला नाही, कारण तो घरचा होता.

आता घरचं माणूसच उरलेलं नाही. आजी गेली, धाकटा भाऊ बायकोला घेऊन पुण्यात कंपनीला लागला, पुतण्या रोज मोटारसायकलवर एमआयडीसीत जातो. उरलेल्या नवराबायकोला एकत्र कुठं जायचं म्हटलं की गोठा आणि घर कुणाच्या तरी हवाली करावं लागतं. शेजारी एकदा करतो, दोनदा करतो. तिसऱ्यांदा त्याची बायको उंबऱ्यातूनच सांगते की यांना बरं नाही. तिथून पैशाचा विषय निघतो, आणि निघाला की दोन्हीकडचे लोक जमिनीकडे बघत बोलू लागतात. 'तुम्हीच सांगा किती द्यायचे,' असं हा म्हणतो. 'काय द्यायचं ते द्या,' असं तो म्हणतो. या दुसऱ्या वाक्याने पडलेला अबोला बांधाच्या भांडणाइतकाच टिकाऊ असतो, कारण 'काय द्यायचं ते' मिळाल्यावर ते कमी आहे असं तोंडाने म्हणता येत नाही आणि मनातून जात नाही.

घर आणि जनावरं राखून देणं हा धंदा म्हणून करू पाहणाऱ्यांपुढचा पहिला पेच हाच. दर सांगायचा कसा, आणि त्याआधी तो काढायचा कसा?

गावाच्या जुन्या व्यवस्थेला हा संकोच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त बलुत्या-अलुत्यांचे हक्क ज्या बारकाईने येतात, ते वाचताना लक्षात येतं की कामाचा मोबदला धान्यात असला तरी सैल नव्हता. गुराख्याचंही तसंच. विदर्भात गावची गुरं सकाळी आखरावर जमायची, गोवारी ती रानात न्यायचा, सांजेला परत आणायचा. जनावरामागे किती धान्य किंवा किती पैसे, हे गावाला ठाऊक असायचं. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन निघतं, गोवारी नाचतात आणि घरोघरी त्यांना काहीबाही दिलं जातं. ती मात्र वरची खुशी, मजुरी वेगळी. जातीच्या उतरंडीवर उभी असलेली ती व्यवस्था परत यावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण दर आधी आणि खुशी नंतर, हा क्रम तिला कळला होता. आज त्याची गल्लत होते आणि खुशीलाच दर समजलं जातं.

तळकोकणात आणि गोव्यात तर न दिसणाऱ्या राखणदाराचाही दर ठरलेला आहे. जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण द्यायची. कुठे कोंबडा, कुठे रोट आणि नारळ, कुठे विडी आणि थोडी दारूही. त्यात घासाघीस होत नाही. मुंबईहून मुद्दाम रजा काढून येऊन लोक ती देतात. त्याच घराची किल्ली सांभाळणाऱ्या, पावसात वाळवी झाडणाऱ्या, जित्याजागत्या माणसाला मात्र 'पुढच्या खेपेला बघू' असं सांगितलं जातं.

सरकारी कागदांत या विषयाचा जुना आणि तरीही स्पष्ट हिशेब कोंडवाड्याच्या कायद्यात सापडतो. १८७१चा हा कायदा. भटकी जनावरं कोंडवाड्यात घातली की सोडवताना मालकाने दंड भरायचा. मूळ कायद्यातला तक्ता आज वाचताना मौज वाटते: हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव किंवा डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा. पण कामाची गोष्ट तक्त्याबाहेर आहे. दंड वेगळा आणि दाणापाण्याचा खर्च वेगळा. दाणापाण्याचा दर जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवायचा आणि गरजेप्रमाणे बदलायचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला जे उमजलं होतं, ते आजच्या राखणीच्या बोलणीत हरवतं. लोक 'एका म्हशीचे दिवसाला किती' असा एकच आकडा मागतात आणि त्या एका आकड्यात पेंड, पेंढा, मेहनत, जबाबदारी सगळं कोंबतात. चाऱ्याचा भाव वाढला की तो आकडा कोसळतो.

आकडा मागणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा छावणी असते. २०१८-१९च्या दुष्काळात मराठवाड्यात, सोलापूर-सातारा-सांगली-नगरच्या कोरड्या पट्ट्यात चारा छावण्या लागल्या. सरकार छावणीचालकाला मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये आणि लहान जनावरामागे ३५ रुपये देत होतं. ते अपुरे पडतात म्हणून ९० आणि ४५ केले, आणि मे २०१९मध्ये १०० आणि ५०. सप्टेंबर २०२४मध्ये देशी गाय राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित झाली, त्याच दिवशी गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. तेव्हा 'छावणीत शंभरात जनावर राहत होतं, तू पाचशे कशाचे मागतोस?' हा सवाल ठरलेला.

त्याचं उत्तर छावणीत गेलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे. तिथे जनावराबरोबर मालक राहत होता. दावणीशेजारी ताडपत्री बांधून, तीन दगडांची चूल मांडून, घरातलं एक माणूस रात्रंदिवस तिथे होतं. शेण तेच काढत होतं, धार तेच काढत होतं, रात्री जनावर का हंबरलं हे उठून तेच बघत होतं. त्या शंभर रुपयांत चारा होता, पाणी होतं. माणूस नव्हता. गोशाळेचे ५० रुपये तर अनुदान आहे, पूर्ण खर्च नव्हेच. म्हणजे सरकारने आजवर चाऱ्याचे दर ठरवले. राखणीचा दर कधी ठरवलाच नाही.

मग त्या माणसाचा दर काय? इथे गणित सोपं वाटतं आणि बहुतेकजण इथेच फसतात. म्हशीचं काम पहाटे साडेपाचला सुरू होतं: शेणघाण काढायची, गव्हाण झाडायची, वैरण टाकायची, आंबोण भिजवायचं, धार काढायची, डेअरीची वेळ गाठायची. आठपर्यंत मोकळं. दुपारी पाणी. मोठ्या म्हशीला दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळाला पाणी नसेल तर हे सगळं विहिरीवरून. पुन्हा संध्याकाळी पाच ते साडेसात. घड्याळाने मोजलं तर जेमतेम साडेपाच तास. मालक म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम, अर्धी हजेरी घे.

पण हे साडेपाच तास पहाटेपासून रात्रीपर्यंत पसरलेले आहेत. राखणाऱ्याला त्या दिवशी आंब्याच्या बागेत रोज मिळत होता, तो गेला. भातलावणीला बोलावणं होतं, ते सोडावं लागलं. तालुक्याला जाऊन बँकेचं काम करायचं होतं, तेही राहिलं. काम पाच तासांचं असलं तरी बांधला गेला तो अख्खा दिवस. म्हैस जशी दावणीला, तसा माणूस म्हशीला. तेव्हा राखणीचा पाया तासांवर धरायचा नाही. गावात त्या हंगामात पूर्ण दिवसाची जी मजुरी चालू असेल, तीच किमान. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, त्याच्या खाली तर जाऊच नये. खड्डा खणण्याला जबाबदारी नसते. खड्ड्याला रात्रीतून फुगारा धरत नाही.

जबाबदारीला धारेपासूनच सुरुवात होते. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. मालकिणीचं लुगडं अंगावर घेऊन धार काढण्याची युक्ती खेड्यापाड्यांत जुनी आहे आणि ती नेहमी साधतेच असं नाही. दूध कासेत अडकून राहिलं तर कासेला सूज येते, दगडी होते, आणि मग डॉक्टर, सुया, फेकून द्यावं लागणारं दूध. म्हणून जाणता राखणदार मालक निघण्याच्या दोन दिवस आधीपासून धारेला बसतो. हे दोन दिवस कुणी मोजत नाही, कारण त्या वेळी मालक घरातच असतो आणि त्याला वाटतं, हा नुसता शिकतोय. हे शिकणं म्हशीसाठी चाललेलं असतं. त्या दोन दिवसांचे अर्धे तरी पैसे लावलेच पाहिजेत.

माजाचं तर विचारूच नका. गाय माजावर येते ती दहा-बारा, फार तर अठरा तास. म्हशीचा माज अनेकदा मुका असतो, रात्री येतो, सकाळी ओसरतो. तो राखणाऱ्याच्या नजरेतून सुटला की पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस गेले. तेवढे दिवस जनावर गाभण न राहता फुकट खाणार. घरी परतलेल्या मालकाला गोठा स्वच्छ दिसतो, दुधाची नोंद बरोबर दिसते आणि नुकसान दिसतच नाही. ते पुढच्या वर्षी वेत लांबल्यावर कळतं. डोळे उघडे ठेवणारा राखणदार आणि वैरण टाकून जाणारा राखणदार यांच्या दरात फरक पडायला हवा तो इथे.

हे सगळं एका उदाहरणावर बसवून बघू. आकडे मानलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. एक घर, दोन म्हशी, त्यातली एक दुभती आणि एक भाकड, दहाबारा कोंबड्या, एक कुत्रा. मंडळी लग्नाला पाच दिवस जाणार. राखणारी बाई दोन किलोमीटरवरच्या वाडीतली. गावात रोज ४०० रुपये चालू आहे, तो पाया. दुसऱ्या म्हशीचे ७५. कोंबड्या आणि कुत्र्याचे मिळून २५. रात्री तिच्या नवऱ्याने पडवीत झोपायला यायचं, त्याचे १५०. दिवसाचे ६५० झाले, पाच दिवसांचे ३,२५०. येण्याजाण्याच्या पेट्रोलचे १५० मिळवून ३,४००. वैरण, पेंड, कोंबड्यांचं खाद्य मालकाचं, तेही मोजून काढून ठेवलेलं.

आता दूध. सकाळचं दूध डेअरीवर मालकाच्या खात्यात जाईल. संध्याकाळचं चार लिटर राखणारीने न्यावं असं ठरलं. ५५ रुपये लिटरने दिवसाचे २२०, पाच दिवसांचे १,१००. ते वजा जाता रोख २,३००. मालकाला हे हलकं वाटतं, राखणारीच्या घरी पोरांना दूध मिळतं, आणि म्हशीला वेळच्या वेळी धार. दूध देऊन फिटवण्याची ही रीत चांगली आहे. अट एकच: दुधाला पैशाचा भाव लावून मगच वजा करायचं. 'दूध नेतेस ना, मग पैसे कशाला?' या प्रश्नाला जागा ठेवायची नाही. म्हैस त्या पाच दिवसांत आटली तर काय, हेही बोलून घ्यायचं. आटण्याचा तोटा मालकाचा, राखणारीला तितके पैसे रोख.

या उदाहरणात दुसरी म्हैस ४००ला न धरता ७५ला धरली, त्यावर काहींची भुवई वर जाईल. पहिल्या जनावराच्या दरात माणसाचं येणं, अडकणं, उठणं सगळं वसूल झालेलं असतं. दुसरं भाकड जनावर त्याच दावणीला, त्याच फेरीत. त्याची वाढीव मेहनत पाटीभर शेणाची आणि पेंढीभर वैरणीची. तीच म्हैस दुभती असती तर ७५ पुरले नसते, कारण धार ही दुसरी वेळ मागते. शेळ्यांचा हिशेब आणखी वेगळा. बांधून ठेवलेल्या दहा शेळ्या पाला टाकून सांभाळता येतात. चरायला न्यायच्या दहा शेळ्या म्हणजे उन्हातान्हात डोंगरावर अख्खा माणूस, आणि जुन्नर-संगमनेर पट्ट्यात तर पाठीमागे बिबट्याची भीती. बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याची भरपाई मिळते, पण त्यासाठी तातडीने वर्दी आणि पंचनामा लागतो, मेलेलं जनावर हलवायचं नसतं. हे माहीत नसलेला राखणदार घाबरून शेळी पुरून टाकतो आणि मालकाची भरपाई त्या खड्ड्यात जाते. चरणीच्या शेळ्यांना दर शेळीमागे न लावता कळपामागे, म्हणजे माणसामागे लावावा. दहा शेळ्या असोत की पंधरा, डोंगर तेवढाच चढावा लागतो.

पाच दिवसांच्या राखणीचं इथवर झालं. पाच-सहा महिन्यांची राखण निघाली की रोखीचा हा सगळा डोलारा कोसळतो. दसरा झाला की बीडच्या आणि आसपासच्या डोंगराळ तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घराला कुलूप, नाहीतर म्हातारी मागे. उचल घेऊन निघालेल्या जोडप्याकडे राखणीला द्यायला रोज सोडाच, आठवड्याचेही पैसे नसतात. तिथे अर्धल चालते. शेळी दुसऱ्याच्या दारात बांधायची, चारापाणी त्याचं, होणारी करडं निम्मी निम्मी. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे साखर कारखान्याच्या हंगामाएवढा. एका हंगामात एक वेत होतं, दोन करडं झाली तर वाटणी सरळ. एकच झालं तर? ते विकून पैसे वाटायचे की पुढच्या वेताला फेड करायची? शेळी मेली तर सांभाळणाऱ्याने भरून द्यायची का? बोकडाचा वाटा आणि पाटीचा वाटा सारखा मानायचा का? गावोगाव याच्या रीती वेगळ्या आहेत आणि भांडणं एकाच जातीची.

कायद्याने या प्रश्नाला १८७२ सालीच हात घातला होता. भारतीय करार अधिनियमात दुसऱ्याची वस्तू सांभाळण्याबद्दलचं प्रकरण आहे. त्यात कलम १६३ला जोडून दिलेलं उदाहरण थेट गोठ्यातलं आहे: एकाने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली, तिला वासरू झालं, तर सांभाळणाऱ्याने गायीबरोबर वासरूही परत करायचं. मात्र हे उलट काही ठरलेलं नसेल तेव्हा. अर्धल म्हणजे हे 'उलट ठरलेलं'. ते चावडीवरच्या शब्दावर असतं, म्हणून शब्द फिरला की सांभाळणारा उघडा पडतो. त्याच प्रकरणातलं कलम १५८ राखणाऱ्यांनी पाठ करावं असं आहे. मोबदल्याशिवाय सांभाळत असलात तरी सांभाळण्यासाठी केलेला आवश्यक खर्च मालकाने द्यायचा. मैत्रीखातर घेतलेल्या गायीच्या औषधाचे पैसे मागताना लाजायचं कारण नाही.

कोकणातली बंद घरं हा आणखी निराळा मामला. इथे जनावर बहुधा नसतंच. असतात ती कौलं, वाळवी, बुरशी आणि वानरं. वर्षाचा हिशेब पावसावर चालतो. मे महिन्यात शाकारणी, कौलं परतून फुटकी बदलायची. जूनपासून दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडून वारा खेळवायचा, भिंतीवरून चढणारी वाळवी मोडायची, पंप चालवून बघायचा. गणपतीच्या आधी घर झाडून, सारवून, पाणी भरून तयार. जून २०२०मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दारात उभं राहून 'हे घर अमक्याचं, एवढी कौलं गेली' असं सांगणारा कुणी असणं किती मोलाचं, ते त्या दोन वर्षांत चाकरमान्यांना कळलं. फोनवर फोटो मागवणारे तेव्हापासून वाढले.

तरी मोबदला अजून पडलेले नारळ. 'आवारातले नारळ-सुपारी तुम्हीच घ्या की,' असं म्हटलं की मालकाला आपण फार दिलं असं वाटतं. माडाला किती लागले, वानरांनी किती नेले, पाडेल्याला किती द्यावे लागले, याचा हिशेब त्या वाक्यात नसतो.

समजा एकाच परिसरातली बारा बंद घरं एका माणसाने घेतली. दिवसाला चार घरं नीट बघून होतात, म्हणजे एक फेरी तीन दिवसांची. पावसाच्या चार महिन्यांत महिन्याला चार फेऱ्या, उरलेल्या आठ महिन्यांत दोन, वर्षाच्या ३२. घराला फेरीमागे २०० रुपये लावले तर एका फेरीचे २,४००, राखणाऱ्याला दिवसाचे ८०० आणि वर्षाचे ७६,८०० रुपये, तेही ९६ दिवसांच्या कामात. एका घराला वर्षाचा खर्च ६,४००, महिन्याला साडेपाचशेच्या आत. मुंबईत केबल आणि नेटवर तेवढे जातात. शाकारणी, सुतारकाम, वायरमन हे अर्थातच वेगळं. दर घरावर न लावता फेरीवर लावल्याचा फायदा असा की मालकाला फेऱ्या कमी-जास्त करता येतात आणि कुणाला 'तू आलाच नाहीस' म्हणता येत नाही, कारण प्रत्येक फेरीचा फोटो असतो.

देवाचा दिवा मात्र फेरीत बसत नाही. 'रोज फक्त दिवा लावायचा, दोन मिनिटांचं काम' ही मागणी राखणाऱ्याला सर्वांत महागात पडते. रोज म्हणजे ३६५ दिवस, पावसात, तापात, स्वतःच्या घरच्या कार्यातसुद्धा. दिवसाचे अवघे वीस रुपये धरले तरी ७,३०० होतात, म्हणजे अख्ख्या घराच्या फेऱ्यांपेक्षा जास्त. शिवाय भावकीत सुतक आलं की दिवा कुणी लावायचा, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. इथेच एक ओशाळवाणी गोष्टही समोर येते. ज्या हाताने काढलेलं दूध चालतं, त्याच हाताने देवघराला शिवलेलं अजूनही काही घरांत चालत नाही. जातीची ही अट लपूनछपून दराच्या बोलणीत घुसते, 'तुला आत जायचं कामच नाही, मग एवढे कशाला?' या भाषेत. असं घर सोडून द्यावं, हे या लेखकाचं स्पष्ट मत आहे. आत न जाता आतली गळती बघता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात राखणीचे पैसे लिहून द्यायला मालक बिचकतात त्यामागे कूळकायद्याची धास्ती आहे. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं, ती आठवण कोकणात घरोघरी आहे. पावती दिली की उद्या हा हक्क सांगेल, अशी भीती. त्यापेक्षा नारळ बरे, त्याची पावती लागत नाही. खरं तर गोष्ट नेमकी उलटी आहे. गोव्यातल्या एका घराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. बहिणीचं घर, राहायला भाऊ, आणि ताब्यावरून वाद. २०१२च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं जागेत राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही आणि मालकाने मागताच त्याने ताबा सोडला पाहिजे. तेव्हा महिन्याला अमुक रुपये राखणीचे असा कागद असणं मालकाच्याच फायद्याचं. राहणारा राखणदार आहे, हे त्या कागदाइतकं दुसरं काहीही ठसठशीत सांगत नाही. मोघम ठेवलेला व्यवहारच कोर्टात जाऊन लांबतो.

मुळशी, कर्जत, अलिबाग या बाजूला शेतघरं बांधलेल्या शहरी मंडळींची गोष्ट वेगळ्या वळणाची. यांना दर नवा नाही. शहरात कुत्र्याला रात्रीच्या हिशेबाने ठेवतात, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. इथे राखणदाराची चूक उलट बाजूला होते, तो गाडी बघून आकडा सांगतो. पुढच्या खेपेला तो आकडा शेजारच्या शेतघरवाल्याला कळतो आणि विश्वास जातो. दर कामावरूनच काढावा, पण काम पुरतं मोजावं. सकाळ-दुपार-संध्याकाळ कुत्र्याचा व्हिडिओ पाठवणं हे कामच आहे. लॅब्रॅडॉरला दोन वेळा फिरवणं काम आहे. त्याच्यासाठी कोंबडी शिजवणं, स्वतःच्या घरी नसेल शिजत तरी, हेही काम आहे. म्हशीवाल्याने असले व्हिडिओ मागितलेले नसतात, म्हणून त्याला ते लावायचे नाहीत.

बोलणीत आणखी दोन गाठी राहतात. आजारपणाची जास्त अवघड. रात्री अकराला जनावर पाय झाडू लागलं, मालकाचा फोन लागत नाही, डॉक्टर बोलवायचा तर कुणाच्या पैशांनी? सरकारी पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा क्रमांक आहे, पण रात्रीबेरात्री खाजगी माणूसच गाठावा लागतो. यासाठी मालकाने निघताना दीड-दोन हजार वेगळे ठेवावेत आणि 'एवढ्यापर्यंत मला विचारू नकोस' असं सांगावं. उरले तर परत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकतो. 'मालकाने सांगितलं नव्हतं' हे तिथे पुरत नाही.

सणाचे दर दुसरी गाठ. दिवाळीत, मे महिन्यातल्या लग्नसराईत, आषाढीला तीन आठवडे वारीला घर निघतं तेव्हा राखणाऱ्याच्याही घरी सण असतो. दीडपट मागण्यात गैर काही नाही, फक्त ते श्रावणात सांगावं, वसुबारसेच्या आदल्या रात्री नव्हे. इसार घेतलेला असावा. लग्न पुढे ढकललं तर इसार पुढच्या तारखेला धरावा, मोडलं तर निम्मा परत. माणुसकी आणि धंदा दोन्ही त्यात बसतं.

राखणीची सोय सरकारलाही करता येते. फिनलंडमध्ये गुरं पाळणाऱ्या पूर्णवेळ शेतकऱ्याला कायद्याने वर्षाला २६ दिवस सुट्टी मिळते. त्या दिवसांत शिकलेला बदली माणूस गोठ्यात येतो आणि या वार्षिक सुट्टीचा खर्च सरकार उचलतं. तिथल्या थंडीत गाय गोठ्यात सोडून जाता येत नाही, हे त्या देशाने नोकरदाराच्या रजेइतकंच खरं मानलं. आपल्याकडे सरकार ते करील याची वाट बघण्यात अर्थ नाही, पण माणसं तयार आहेत. उमेद अभियानातल्या पशुसख्या गावातल्याच बायका असतात. लसीकरणाला मदत करतात, जंतनाशक पाजतात, शेळ्यांची वजनं घेतात आणि सेवेचे पैसे जनावरामागे घेतात. गावाला त्यांना पैसे द्यायची सवय झाली आहे. माज ओळखता येतो, कासेची सूज कळते, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक बघून नोंद ठेवता येते. राखणीचा व्यवसाय त्यांनी घेतला तर दर सांगताना जीभ अडखळणार नाही. एकच धोका, पैसे त्यांच्याऐवजी नवऱ्याच्या हातात पडण्याचा. गोठ्यातलं काम बहुतेक बायकाच करतात आणि व्यवहाराला पुरुष पुढे होतात, हे राखणीतही होऊ शकतं. म्हणून पैसे खात्यावर.

वसुलीचा रस्ताही गावात आधीच आहे. डेअरीचं दूधबिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघतं आणि त्यातून पेंडेच्या पोत्याचे पैसे परस्पर कापले जातात. राखणीचे पैसे त्याच बिलातून कापून राखणारीच्या खात्यात टाकायला डेअरीच्या सचिवाला एक ओळ वाढवावी लागेल, इतकंच. म्हणजे मालकाला हात खिशात घालताना जड जाणार नाही आणि राखणारीला दारात उभं राहावं लागणार नाही. ज्याच्याकडे भाकड जनावरंच आहेत, त्याचं बिल निघत नाही. त्याने निघण्याआधी निम्मे आणि परतल्यावर निम्मे, रोख द्यावेत.